सहकुटुंब सहल : बसचा हिशेब आणि दिवसाचा उतारा

सभासद बंधू-भगिनींनो,



या पानावर दर अंकात लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, खोडव्याची निगा असे विषय असतात. या खेपेला विषय जरा निराळा घेतला आहे. अलीकडे गटसभा संपली की चार-पाच सभासद मागे रेंगाळतात आणि विचारतात, "साहेब, पोरं त्या खोपोलीच्या बागेत न्या म्हणून मागं लागल्यात. बस करून एका दिवसात जाऊन येणं जमतंय का?" प्रश्न उसाचा नाही, पण नियोजनाचा आहे. आणि पाण्याची पाळी, लाईटची वेळ, तोडीची चिठ्ठी आणि दुधाची वेळ एकाच वेळी सांभाळणाऱ्या आपल्या बागायतदाराला नियोजन काही नवीन नाही. सबब शेतकी खात्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, म्हणजे आकडे मांडून, हा विषय येथे समजावून देत आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगतो. ऊस किती टन पडला एवढ्यावर कारखान्याचे भागत नाही. त्यातून साखर किती निघाली, म्हणजे उतारा किती पडला, हे पाहावे लागते. सहलीचेही तसेच आहे. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे तास म्हणजे वजनकाट्यावरचा ऊस, आणि पोरंबाळं, आईवडील, घरची लक्ष्मी यांनी जे तास मजेत काढले ती साखर. खर्च सगळ्या तासांचा होतो, लाभ मात्र तेवढ्याच तासांचा मिळतो. म्हणून "तिकीट केवढ्याला?" हा प्रश्न दुसरा. "दिवसाचा उतारा किती?" हा पहिला.

१) ही उद्याने म्हणजे काय?

जत्रेतला पाळणा आपणा सर्वांना ठाऊक आहे. पाळण्यात बसा, पैसे द्या, उतरा. या नव्या उद्यानांत दारातच एक तिकीट काढायचे आणि मग आतील बहुतेक खेळ त्यातच येतात. शिवाय प्रत्येक भाग एखाद्या कथेवर किंवा कल्पनेवर बांधलेला असतो. या प्रकाराचा नमुना म्हणून जगभर ज्याचे नाव घेतात ते डिस्नेलँड अमेरिकेत १७ जुलै १९५५ रोजी उघडले. आपल्या राज्यात मुंबईजवळ गोराई येथे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले. आज चाळिशीत असलेल्या अनेकांनी ते शाळेच्या सहलीत पाहिले असेल. ते २०२२ पासून बंद आहे, तेव्हा जुन्या आठवणीवर विसंबून तिकडची बस ठरवू नये.

सध्या मुले ज्याचे नाव घेतात ते इमॅजिका रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. ते एप्रिल २०१३ मध्ये उघडले आणि पुढल्या वर्षी त्याला लागून जलक्रीडेचे वेगळे उद्यान झाले. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते ताब्यात घेतले. याच समूहाची पाण्याच्या खेळांची उद्याने शिर्डी आणि लोणावळा परिसरातही आहेत.

आपल्याला जवळचे आणखी एक ठिकाण म्हणजे पुण्याला आंबेगाव येथील शिवसृष्टी. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांच्या संकल्पनेतून उभे राहत असलेल्या या ऐतिहासिक उद्यानाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले. तिथे पोटात गोळा आणणारे पाळणे नाहीत. शिवचरित्र चित्र, दृश्य आणि आवाजाच्या साहाय्याने दाखवले जाते. तेथून जवळच कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. ते बुधवारी बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे.

२) अंतर आणि उतारा

बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर. पुण्याहून खोपोली आणखी सुमारे ८० किलोमीटर, त्यात पुणे शहराची गर्दी आणि बोरघाट. बस भरून निघाली, वाटेत एकदा चहा-नाष्टा झाला, लहान पोरांसाठी एक-दोनदा थांबावे लागले, की सरळ पाच तास धरावेत. इंदापूर तालुक्याच्या पूर्वेकडील सभासदांनी दोन्ही बाजूंना आणखी एकेक तास धरावा.

आता मांडणी पाहा. पहाटे ५ ला निघालो तर १० ला पोहोचलो. आत शिरेपर्यंत साडेदहा. संध्याकाळी साडेसहाला बाहेर पडलो तर घरी रात्री साडेअकरा. एकूण साडेअठरा तास, त्यांपैकी उद्यानात आठ. त्या आठांतून रांगा, जेवण आणि हरवलेल्या पोराचा शोध वजा करा. उतारा निम्म्याच्याही खाली आला.

याउलट आंबेगाव-कात्रज धरा. सकाळी ७ ला धार काढून, दूध डेअरीत घालून निघालो तर १० ला तिथे. दुपारी ४ पर्यंत सहा तास पाहणे, आणि संध्याकाळी ७ ला घरी. एकूण बारा तास, त्यांपैकी सहा कामाचे. उतारा निम्मा. शिवाय संध्याकाळची धार थोडी उशिरा का होईना, घरच्याच हाताने निघते.

याचा अर्थ खोपोलीला जाऊच नये असा नाही. पोरं तेरा-चौदा वर्षांची असतील तर त्यांचा जीव त्या मोठ्या पाळण्यातच अडकलेला असतो, आणि ते हौसेचे वय पुन्हा येत नाही. सांगायचे एवढेच की दहा वर्षांच्या आतली लेकरे आणि सत्तरीतले आईवडील बरोबर असतील तर पहिली सहल जवळची करावी. मोठ्या मुलांसाठी खोपोली करायची, तर ती पुढे सांगितल्याप्रमाणे करावी.

आणखी एक आपल्याकडची सवय. बस मोरगाव-जेजुरी रस्त्याने निघाली की कोणीतरी म्हणतेच, "जाता जाता मोरया करू, खंडोबाला भंडारा वाहू." पन्नास माणसे उतरून, दर्शन घेऊन, चपला शोधून परत बसेपर्यंत एका ठिकाणी तास जातो. दोन ठिकाणी दोन तास. मयूरेश्वर आणि खंडोबा आपलेच आहेत. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा. या दिवशी बसमधूनच हात जोडावेत.

३) बस आणि तिकीट एकत्र : कोणाला परवडते?

मोठी उद्याने जाण्या-येण्याची बस आणि प्रवेश यांचा एकत्र दर लावतात. खोपोलीसाठी मुंबई आणि पुण्याहून अशा बसची सोय होत आलेली आहे. कोणत्या दिवशी, कोठून आणि किती वाजता बस सुटते हे नोंदणी करतानाच विचारून घ्यावे, कारण त्यात फरक होत असतो.

परंतु ही बस पुण्यातून सकाळी लवकर सुटते हे विसरू नये. आपण सोनगाव, सणसर किंवा निमगावहून ती गाठायची म्हणजे मध्यरात्र उलटताच घर सोडायचे. सबब ही योजना एकट्या-दुकट्या कुटुंबाने अशी वापरावी : आदल्या दिवशी दुपारच्या एस. टी.ने पुण्याला जावे आणि पाहुण्यांकडे मुक्काम करावा. हडपसरला नाहीतर कात्रजला पाहुणा नाही असे घर आपल्याकडे विरळाच. सकाळी ताजेतवाने होऊन त्या बसमध्ये बसावे.

एस. टी.च्या सवलतीही यात उपयोगी पडतात. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धेच. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे. मात्र या सवलती नेहमीच्या फेरीच्या गाड्यांना आहेत. अख्खी गाडी करार करून घेतली तर भाडे गाडीचे द्यावे लागते, माणसांचे नाही, तेव्हा तिथे या सवलतींचा हिशेब धरू नये.

वाडीवरची आठ-दहा कुटुंबे मिळून जाणार असतील तर मात्र आपली स्वतंत्र बस करणेच सोयीचे. ती दारातून निघते आणि दारात सोडते.

४) बस कशी ठरवावी?

दोन मार्ग आहेत. पहिला एस. टी.चा. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून एस. टी. आपल्या घरचीच झाली आहे. लग्नाला, देवदर्शनाला, सहलीला गाडी हवी असेल तर आगारात 'प्रासंगिक करार' करता येतो. आगारप्रमुखांच्या नावे अर्ज द्यावा. त्यात तारीख, निघण्याची वेळ, मार्ग, मुक्काम असल्यास तो, आणि माणसांची संख्या लिहावी. भाडे किलोमीटरवर असते, पण कमीत कमी किती किलोमीटरचे भरावे लागेल, थांबण्याच्या वेळेचे काय आणि आगारापासून गावापर्यंतचे अंतर धरले जाईल का, हे तीन प्रश्न अर्ज देतानाच विचारावेत. शाळेच्या सहलींना एस. टी.ची निराळी सवलत असते. ती कुटुंबाच्या सहलीला लागू होईल असे गृहीत धरू नये.

दुसरा मार्ग खासगी बसचा. इथे भाव करता येतो, पण भावाआधी कागद पाहावेत. परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र या चारही कागदांची मुदत सहलीच्या तारखेच्या पुढची असली पाहिजे. परवाना प्रवासी करारावर नेण्याचा असावा. शाळेची मुले ने-आण करण्याच्या परवान्यावरची पिवळी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. वाटेत अडवली तर पन्नास माणसे रस्त्यावर उभी राहतात, आणि काही बरेवाईट झाले तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. जितकी आसने तितकीच माणसे. "लहान आहे, मांडीवर बसेल" असे म्हणून नावे वाढवू नयेत. बस ठरवायच्या दिवशी दोन जाणत्या माणसांनी जाऊन टायर पाहावेत, संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा उघडून पाहावा, आग विझवण्याचे नळकांडे आहे का ते पाहावे. आपण बेणे घ्यायला जातो तेव्हा डोळा फुटलेला आहे का ते हातात घेऊन पाहतोच की!

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट : चालक. पहाटे ५ ला निघणारा चालक साडेतीनला उठलेला असतो. रात्री साडेअकराला परत येईपर्यंत त्याचा वीस तासांचा दिवस होतो. दिवसभर आपण पाळण्यात बसलो तेव्हा तो उन्हात तापलेल्या गाडीत पडून होता, याला विश्रांती म्हणत नाहीत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने याची मापे घालून दिली होती. दिवसाचे काम सर्वसाधारणपणे आठ तास, पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती, आणि विश्रांतीसह सगळे मिळून बारा तासांच्या आत. पुढे कायद्यांची नावे बदलली, माणसाची झोप बदलली नाही. हंगामात उसाची वाहने चालवणारी माणसे डुलकीने कशी रस्त्याच्या कडेला जातात हे आपण आपल्याच रस्त्यांवर पाहतो.

त्या बारा तासांच्या मापात आंबेगाव-कात्रजची सहल एका चालकावर बसते. खोपोलीची बसत नाही. म्हणून खोपोलीला जायचे तर दुसरा चालक घ्यावाच आणि करारात तसे लिहून घ्यावे. दुसऱ्या चालकाचा भत्ता बसमधल्या माणसांवर वाटला तर तो चहा-नाष्ट्याएवढा येतो. एवढ्यासाठी घासाघीस करू नये.

याहून बरे म्हणजे आदल्या संध्याकाळी धार काढून साडेसातला निघावे, पुण्याच्या बाहेर एखाद्या धर्मशाळेत किंवा कार्यालयात मुक्काम करावा, आणि सकाळी ७ ला पुढे निघावे. दुपारी ४ ला परत फिरले तर रात्री ९ च्या सुमारास घरी येता येते. अनेकांना वाटते की मुक्काम केला तर जनावरांची आबाळ जास्त होईल. नीट मोजून पाहा. पहाटे पाचला निघालात तरी सकाळची धार नेहमीच्या वेळी होत नाही, आणि संध्याकाळचीही चुकते. मुक्काम केलात तरी चुकणाऱ्या धारा दोनच. मग रात्रीचा प्रवास कशासाठी अंगावर घ्यायचा? चालकावरचा ताण यात कमी होतो, तरी येथेही दुसरा चालक असावा.

५) 'सगळं धरून' म्हणजे काय धरून?

भाव विचारला की बसवाला किंवा एजंट म्हणतो, "सगळं धरून इतके." तेव्हा खालील बाबी एकेक करून विचाराव्यात आणि उत्तर कागदावर घ्यावे :

(अ) टोल आणि गाडी उभी करण्याचे भाडे त्यात आहे का?
(आ) चालकांचा भत्ता, मुक्कामाचे पैसे, जास्तीच्या तासांचे पैसे?
(इ) कर त्यात धरला आहे की वरून लागेल?
(ई) उद्यानाचे तिकीट कोणते? पाळण्यांचे, पाण्याचे, की दोन्हींचे?
(उ) जेवण आहे का? असल्यास एक वेळचे की दोन?
(ऊ) गाडी वाटेत बंद पडली तर दुसरी कोण देणार?
(ए) सहल रद्द झाली तर किती पैसे परत?

उद्यानाचे दर दिवसागणिक बदलतात. सुट्टीच्या दिवशी एक, आडवारी दुसरा. ठरावीक संख्येच्या वर समूहासाठी वेगळा दर मिळू शकतो, म्हणून एकाच माणसाने सर्वांच्या वतीने उद्यानाशी थेट बोलावे. पैसे उद्यानाच्याच खात्यावर भरावेत आणि तिकिटांची छापील प्रत दोघांजवळ ठेवावी. मोबाईलची बॅटरी संपली की त्यातले तिकीट दारावर दिसत नाही.

आता भाड्याची वाटणी. समजा, सगळे मिळून बसचे ३६,००० रुपये झाले. (हा आकडा केवळ उदाहरणासाठी आहे.) ४५ माणसे आली तर माणशी ८०० रुपये. नऊ जण आयत्या वेळी गळाले आणि ३६ राहिले तर माणशी १,००० रुपये. म्हणजे न आलेल्या नऊ जणांनी आलेल्या प्रत्येकाच्या खिशातून २०० रुपये काढले. यावर उपाय साधा आहे. नाव देतानाच बसचा वाटा रोख घ्यावा. यायचे रद्द झाले तर त्याने आपल्या जागी दुसरा माणूस द्यावा, नाहीतर वाटा परत मिळणार नाही. हे पहिल्याच बैठकीत सर्वांदेखत ठरले की पुढे भाऊबंदकीत वाकडे येत नाही. जमाखर्च वहीत लिहून सहलीनंतर आठ दिवसांत देवळात वाचून दाखवावा.

६) मागे कोण राहणार?

आतापर्यंतचा हिशेब पैशाचा आणि तासांचा झाला. पण आपल्याकडची सहल खरी अडते ती इथे.

सहकुटुंब सहल म्हणतो आपण, पण बस निघते तेव्हा तिच्यात कोण असते ते पाहा. पोरं असतात, बापे असतात, एखाद-दुसरी नवी सून असते. गोठ्यात चार गाई असल्या की घरची कर्ती बाई म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी आहे जनावरांपाशी." म्हातारी म्हणते, "माझं काय मेलीचं तिथं?" आणि वर्षानुवर्षे तीच दोन माणसे घरी राहतात. उसाला पाणी दारे धरून देणारी, खुरपणीला वाकणारी, पहाटे उठून धार काढणारी माणसे हीच. ज्यांच्या घामावर दुधाचा आणि उसाचा पैसा घरात येतो, त्यांच्यावाचून केलेल्या सहलीला सहकुटुंब कसे म्हणावे?

गाईची धार चुकवता येत नाही हे खरे. दुभत्या गाईचे दूध कासेत तुंबले तर कासदाहाचा धोका असतो. वैरणपाणी वेळेवर लागतेच. म्हणून कोणीतरी मागे राहिलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की दर वेळी तेच का?

यावर आपल्याच रानात जुना तोडगा आहे. तो म्हणजे सावड. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. सहलीसाठीही तेच करावे. एकाच मोठ्या सहलीऐवजी पंधरा दिवसांच्या अंतराने दोन सहली ठरवाव्यात. वाडीवरच्या कुटुंबांच्या जोड्या लावाव्यात. पहिल्या बसला निम्मी कुटुंबे पुरी जातील, म्हणजे आजीपासून नातवापर्यंत सगळी, आणि त्यांच्या गोठ्याकडे जोडीदार कुटुंब पाहील. दुसऱ्या बसला उलट. जोड्या लावताना शेजारचे गोठे घ्यावेत, म्हणजे एका माणसाला दोन्हीकडे पोहोचता येईल. सहलीच्या आधी दोन दिवस त्या माणसाने गोठ्यात येऊन एकदा धार काढावी. गाय परक्या हाताला पान्हा सोडत नाही, तिला तो हात ओळखीचा करून द्यावा लागतो. खुराक किती, कोणती गाय लाथ मारते, कोणती गाभण आहे, हे कागदावर लिहून गोठ्यात अडकवावे. पाण्याची मोटार कोण सुरू करणार हेही ठरवावे.

यात बसवाल्याचाही फायदा आहे. दोन फेऱ्यांचे काम एकदम मिळते म्हणून तो दर उतरवतो. म्हणजे सावडीने माणसेही जातात आणि पैसाही वाचतो.

७) आजी, आई आणि उंचीची पट्टी

उद्यान निवडताना घरातल्या सर्वांत थोरल्या आणि सर्वांत धाकट्या माणसाचा विचार आधी करावा. मधल्यांचे कुठेही भागते.

पाण्याच्या उद्यानात बहुतेक ठिकाणी सुती कपडे, साडी, धोतर घालून पाण्यात उतरू देत नाहीत. नायलॉनसारख्या कापडाचा पोहण्याचा पोशाख लागतो. तो तिथे भाड्याने मिळतो, पण आपल्या बायामाणसांना तो घालणे रुचेलच असे नाही. मग तिकिटाचे पैसे भरून त्यांनी दिवसभर बाकावर बसायचे आणि सगळ्यांच्या चपला-पिशव्या राखायच्या, असा प्रकार होतो. म्हणून घरच्या बायकांना आधी विचारावे. त्यांची मान्यता नसेल तर पाण्याचे उद्यान घेऊ नये. पिशव्या राखायला भाड्याने कपाटे मिळतात, तेवढे पैसे खुशाल खर्चावेत.

खोपोलीला पोटात गोळा आणणारे खेळ आहेत. नायट्रोसारख्या गाडीत पाय अधांतरी लोंबकळतात. तसेच बसून पाहायचे खेळही आहेत. 'आय फॉर इंडिया' मध्ये खुर्चीत बसून देशातली ठिकाणे आकाशातून पाहिल्यासारखी दिसतात. आजीला तिथे न्यावे. हृदयविकार, रक्तदाब, मणक्याचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी वेगाचे खेळ टाळावेत. तशा पाट्या तिथे लावलेल्या असतात आणि त्या शोभेसाठी नसतात.

मुलांच्या बाबतीत वयापेक्षा उंची पाहतात. अनेक ठिकाणी तिकिटाचा दरही उंचीवर असतो आणि मोठ्या पाळण्यात ठरावीक उंचीखाली घेतच नाहीत. घरीच चौकटीला उभे करून उंची मोजावी, उद्यानाला विचारून कोणते खेळ मिळतील ते पाहावे आणि पोराला आधीच सांगावे. तासभर रांगेत उभे राहून पट्टीजवळून परत फिरलेल्या पोराची समजूत काढणे कुणाच्या बापाला जमत नाही.

जेवणाचे : बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत असा बहुतेक मोठ्या उद्यानांचा नियम आहे. तेव्हा घरच्या बाईने रात्री दोनला उठून पन्नास माणसांच्या पोळ्या लाटू नयेत. त्या दारावरच राहतात. सकाळच्या वाटेवरच्या नाष्ट्यापुरत्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या बसमध्ये ठेवाव्यात. त्याही घरटी वाटून कराव्यात. दुपारचे जेवण आत विकत घ्यावे आणि त्याचे पैसे आधीच हिशेबात धरावेत. तान्ह्या बाळाचे दूध आणि आजाऱ्याची औषधे नेण्याबाबत दूरध्वनी करून विचारून घ्यावे.

८) दिवस कोणता धरावा?

आपल्याकडे मोकळा महिना नाही. जुलै-ऑगस्टात आडसाली लागण, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्वहंगामी, मग गाळप हंगाम आणि त्यातच सुरू लागण. पावसाळ्यात खोपोलीकडे पाऊस मुसळधार असतो आणि घाटात धुके. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत तिथे झुंबड उडते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात.

माझ्या मते वार्षिक परीक्षा संपल्यावर एप्रिलअखेरचा आडवार सर्वांत बरा. तोड बहुतेक उरकलेली असते, पोरं मोकळी असतात. ऊन असते, म्हणून टोप्या, पाणी आणि मिठासाखरेच्या पुड्या बरोबर घ्याव्यात आणि दुपारचे तास छताखालच्या खेळांत काढावेत. तारीख पक्की करण्याआधी चार गोष्टी जुळवून पाहाव्यात : नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन, त्या आठवड्यातली शेतीच्या विजेची पाळी, गावातली लग्ने, आणि उद्यान त्या दिवशी उघडे आहे की नाही. ज्यांचा ऊस तोडायचा राहिला असेल त्यांनी गटाच्या चिटबॉयकडे आपला क्रम विचारून घ्यावा. तोडीची टोळी फडात आणि मालक पाळण्यात, असे होऊ देऊ नये.

९) सहलीच्या दिवशी

दर दहा माणसांमागे एक म्होरक्या नेमावा. बसमध्ये चढताना प्रत्येक वेळी त्याने आपली दहा डोकी मोजावीत. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव आणि दोन मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. आत गेल्यावर "हरवलो तर इथे यायचे" अशी एक ठळक जागा सर्वांना दाखवावी. घाटात मळमळणाऱ्यांना पुढच्या आसनावर बसवावे आणि निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नये. परतीची वेळ सकाळीच सांगावी आणि ती पाळावी. पंधरा मिनिटे उशीर करणारा प्रत्येक जण पन्नास जणांची पंधरा मिनिटे घेतो. परतीच्या वाटेवर पुढच्या आसनावरच्या माणसाने जागे राहून चालकाशी अधूनमधून बोलावे, आणि चालकाने "जरा थांबतो" म्हटले तर कोणीही कुरकुर करू नये.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, एका दिवसाच्या हौसेसाठी एवढा खटाटोप? पण अठरा महिने राखलेला आडसाली ऊस आठ दिवस उशिरा तुटला तर आपण हळहळतो. पोरांचे हौसेचे वय आणि आईवडिलांचे चालते पाय यांचीही तोडीची वेळ असते, आणि ती कोणत्याही चिठ्ठीवर लिहून येत नाही. तेव्हा ज्यांना मनात असेल त्यांनी पुढल्या गटसभेनंतर आपापल्या वाडीवर बैठक घ्यावी. पहिल्या बसच्या यादीत पहिली नावे गोठ्यापाशी राहणाऱ्या माणसांची लिहावीत आणि मग बाकीची आसने भरावीत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी